सैल सोडलेला पाय

तपासणीच्या टेबलाच्या कडेला बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला न टेकता लोंबत असतात, डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखालची जागा बोटाने चाचपून पाहतात, रबरी डोक्याची हातोडी मनगटाच्या हलक्या झोक्यासरशी तिथे आदळते आणि पाय आपोआप पुढे उडतो. हे सगळे घडायला एक श्वासही पुरा लागत नाही. तरीही साऱ्या शारीरिक तपासणीत हा क्षण वेगळा उठून दिसतो, कारण तोवर जे काही चाललेले असते त्यात रुग्णाचा स्वतःचा हात असतो. कुठे दुखते, कधीपासून दुखते, भूक कशी आहे, झोप लागते का, या प्रश्नांना तो उत्तरे देतो. सांगितल्यावर जीभ बाहेर काढतो, दीर्घ श्वास घेतो, मूठ आवळतो. गुडघ्यावरच्या ठोक्याला मात्र उत्तर तो देत नाही, त्याचा पाय देतो, आणि ते ऐकायला तो स्वतःही डॉक्टरांइतकाच उत्सुक असतो.

म्हणूनच की काय, आजाराच्या धास्तीने आक्रसलेल्या चेहऱ्यावरही पाय उडताच किंचित हसू उमटते. लहान मुलांना तो ठोका पुन्हा हवा असतो. वयस्कर माणसांना पुष्कळदा वाटते की ही ताकदीची परीक्षा आहे, आणि डॉक्टरांचा मान राखण्यासाठी ती ठोका बसायच्या आधीच पाय पुढे करतात. मग गर्दीने भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात एखादी तरुण निवासी डॉक्टर शांतपणे सांगत राहते, ‘आजोबा, पाय एकदम सैल सोडा, तुम्ही काही करायचं नाही.’ काही करायचे नाही, एवढीच या परीक्षेची अट असते, आणि आयुष्यभर काही ना काही करत आलेल्या माणसाला तीच सर्वांत अवघड जाते.

इच्छेची किंवा विचाराची वाट न पाहता एखाद्या उद्दीपनाला शरीर जे ठरावीक उत्तर देते, त्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. दवाखान्यात तिला ‘रिफ्लेक्स’ आणि कंडरेवर ठोका देऊन मिळणाऱ्या झटक्याला नुसते ‘जर्क’ म्हणण्याची पद्धत आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. तिच्यावर ठोका बसतो तेव्हा ती क्षणभर आत दबते आणि तिला जोडलेला मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू केसभर ताणला जातो. हा ताण ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये स्नायूच्या तंतूंमध्येच दडलेली असतात. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, सूत कातण्याच्या चातीसारखी. तिथून बातमी आत नेणाऱ्या संवेदी चेतातंतूतून हा संदेश सेकंदाला सुमारे ८० ते १२० मीटर वेगाने कमरेकडे धावतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतो, आणि तिथे त्याची गाठ थेट प्रेरक चेतापेशीशी, म्हणजे स्नायूला आज्ञा देणाऱ्या पेशीशी पडते. दोघींच्या मध्ये तिसरी पेशी नसते. शरीरातल्या बहुतेक हालचालींमागे असंख्य पेशींची मसलत असते. इथे मात्र एकच सांधा ओलांडून निरोप परत फिरतो, सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात स्नायू जागा होतो, आणि त्याच सुमाराला मांडीच्या मागच्या, उलट दिशेने ओढणाऱ्या स्नायूंना स्वस्थ राहण्याची सूचना वेगळ्या वाटेने जाते. ठोका बसला हे माणसाला कळेपर्यंत पायाला आज्ञा मिळून गेलेली असते.

निसर्गाने ही व्यवस्था हातोडीसाठी केलेली नाही. डोक्यावर हंडा घेऊन चढणीने घराकडे निघालेल्या बाईचा गुडघा वाटेतल्या दगडावर किंचित लचकतो, त्यासरशी मांडीचा स्नायू ताणला जातो आणि तिच्या मनात विचार येण्यापूर्वीच तो आखडून तिला सावरतो. एसटीत दांड्याला धरून उभा असलेला प्रवासी प्रत्येक वळणावर पोटऱ्यांच्या अशाच सूक्ष्म दुरुस्त्यांवर तोल राखून असतो. नुसते उभे राहणे ही क्रिया बाहेरून निश्चल दिसते, पण आतून ती ताण आणि उत्तर यांची न थांबणारी मालिका असते. हातोडीचा ठोका त्या अखंड आणि अदृश्य कामातला एक क्षण वेगळा काढून डोळ्यांना दाखवतो. डॉक्टर गुडघ्यावर ठोकतात तेव्हा ते वास्तविक माणसाच्या उभे राहण्याची तपासणी करत असतात.

वैद्यकाचा इतिहास लक्षात घेतला तर ही तपासणी फारशी जुनी नाही. छातीवर बोटांनी ठोकून आतला पोकळ किंवा भरीव नाद ऐकण्याची रीत ग्रात्स गावच्या खानावळवाल्याचा मुलगा लेओपोल्ड आउएनब्रुगर याने १७६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली होती, आणि पुढे त्या कामासाठी हातोड्याही तयार झाल्या. पण त्याच हातोडीने गुडघ्याला प्रश्न विचारावा हे सुचायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १८७५ मध्ये हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल या दोघांनी स्वतंत्रपणे केलेली निरीक्षणे एकाच जर्मन नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाली. दोघांनी पाहिले होते ते एकच, गुडघ्याखाली ठोकताच उडणारा पाय. पण त्याचा अर्थ लावताना ते वेगळे झाले. ही मज्जारज्जूतून फिरून येणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे असे एर्ब यांचे म्हणणे होते, तर इतक्या वेगाने येणारे उत्तर मज्जारज्जूपर्यंत जाऊन आले असेल हे वेस्टफाल यांना पटत नव्हते आणि ठोक्याने स्नायूच प्रत्यक्ष चेतवला जातो असे ते मानत होते.

पुढच्या संशोधनाने एर्ब यांना बरोबर ठरवले. तरीही वेस्टफाल यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, कारण या झटक्याचा निदानासाठी उपयोग त्यांनी स्पष्ट दाखवून दिला. उपदंशाच्या जुन्या संसर्गातून मज्जारज्जूच्या मागच्या भागाची झीज होऊन रुग्णाला अंधारात तोल सांभाळता येत नाही, पाय आपटत चालावे लागते, असा एक आजार त्या काळी युरोपात पुष्कळ दिसे. त्या रुग्णांमध्ये गुडघ्याचा झटका नाहीसा झालेला असतो हे त्यांनी नोंदवले. खूण का उमटते हे नीट कळण्याआधीच ती रुग्णाच्या कामी येऊ लागली, आणि वैद्यकाच्या वाटचालीत हा क्रम वारंवार दिसतो. कारणाचा उलगडा पुढे चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगांतून झाला. त्यांनी चेतांची मुळे एकेक करून छेदली, कोणता तंतू तुटल्यावर कोणता झटका थांबतो ते पाहिले, एका स्नायूच्या आखडण्याबरोबर त्याचा विरोधी स्नायू सैल पडतो हे सिद्ध केले, आणि दोन चेतापेशींच्या भेटीच्या जागेला १८९७ मध्ये ‘सायनॅप्स’ हे नाव रूढ करून दिले. मेंदूसारख्या अफाट गोष्टीकडे जाण्याची वाट त्यांना गुडघ्यासारख्या साध्या जागेतून सापडली. १९३२ मध्ये त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

झटका आला नाही तर निरोपाच्या जाण्यायेण्याचे हे वर्तुळ कुठेतरी तुटले आहे, मग ते बातमी नेणाऱ्या तंतूत असो, मज्जारज्जूतल्या पेशीत असो, आज्ञा आणणाऱ्या तंतूत असो की खुद्द स्नायूत. हे समजायला सोपे आहे. झटका प्रमाणाबाहेर जोरात आला तर तो बलवान प्रकृतीचा पुरावा वाटतो, आणि इथेच सामान्य समजूत चुकते. मेंदूपासून मज्जारज्जूत उतरणारे चेतामार्ग खालच्या या वर्तुळांना सतत आवरून धरत असतात. पक्षाघाताने मेंदूत किंवा दाबामुळे मज्जारज्जूत हे मार्ग तुटले की वरचा आवर सुटतो आणि खालची वर्तुळे मोकाट सुटल्यासारखी उसळू लागतात. पाय लुळा असतो आणि तरीही ठोक्याला तो निरोगी पायापेक्षा जोरात उडतो. मज्जारज्जूला अचानक मोठी इजा झाल्यावर मात्र आधी काही दिवस किंवा आठवडे सारे झटके नाहीसे होतात आणि मागाहून ते वाढलेल्या रूपात परततात, त्यामुळे कोणत्या दिवशी ठोकले यालाही अर्थ असतो.

शिवाय प्रत्येक झटक्याचा मज्जारज्जूत ठरलेला पत्ता आहे. दंडाच्या पुढच्या स्नायूचा झटका मानेतल्या पाचव्या-सहाव्या चेतामुळाशी बांधलेला असतो, दंडाच्या मागच्या स्नायूचा सातव्याशी, गुडघ्याचा कमरेतल्या दुसऱ्या ते चौथ्या मुळाशी आणि घोट्याचा, म्हणजे टाचेच्या वरच्या कंडरेवर ठोकून मिळणारा झटका, त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाशी. हाताचे झटके नेहमीसारखे आणि पायांचे उसळलेले असतील तर अडचण मानेच्या खाली आणि कमरेच्या वर, बहुधा पाठीत आहे असे तर्काने सांगता येते. भारतात अजूनही पुष्कळ आढळणारा मणक्याचा क्षय अशाच जागी मज्जारज्जूवर दाब आणतो. खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या हातात तेव्हा रबरी हातोडीखेरीज काही नसते, आणि तरीही शरीराच्या आतला नकाशा त्यांच्यापुढे उलगडत असतो.

झटक्याची नोंद ० ते ४ अशा अंकांत करतात. ० म्हणजे मुळीच नाही, २ म्हणजे साधारण, ४ म्हणजे थरथरीपर्यंत वाढलेला. पण अंक पाहून घाई करणे घातक आहे. काही निरोगी माणसांचे झटके जन्मभर मंद असतात, काहींचे चपळ, आणि उतारवयात घोट्याचा झटका आजाराशिवायही मावळू शकतो. म्हणून डॉक्टर एका पायावर कधीच थांबत नाहीत. उजव्यानंतर डावा, वरच्यानंतर खालचा, असे ते ठोकत जातात, कारण अर्थ एका ठोक्यात नसून दोन ठोक्यांमधल्या फरकात असतो; माणसाची तुलना आधी त्याच्या स्वतःशीच करायची असते. उजवी बाजू २ आणि डावी ३ एवढा फरकही पुष्कळ काही सांगून जातो. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉरन लोम्बार्ड यांनी १८८७ मध्ये तर असे दाखवले की एकाच माणसाचा गुडघा दिवसभर सारखा उडत नाही: थकवा आणि भूक यांनी तो मंदावतो, झोपेत जवळजवळ मावळतो, आवाजाने किंवा मन उत्तेजित झाल्याने वाढतो. इच्छेच्या कक्षेबाहेरची म्हणून ओळखली जाणारी ही क्रिया मनाच्या हवामानापासून मात्र अलिप्त नसते, आणि या एका गोष्टीवर कितीतरी वेळ विचार करत बसावे असे वाटते.

मनाचा हा अडसर दूर करण्याची युक्ती बुडापेस्टचे एर्नो येंद्राशिक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सांगितली, आणि ती आजही जगभरच्या रुग्णालयांत रोज वापरली जाते. झटका येत नसेल तर रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत आकड्यासारखी अडकवून जोराने बाहेर ओढायला सांगतात, आणि तो ओढत असतानाच गुडघ्यावर ठोकतात. हाताचा झटका पाहायचा असेल तर दात घट्ट आवळायला सांगतात. लक्ष आणि जोर दुसरीकडे वळला की जो पाय इतका वेळ गप्प होता तो चटकन उत्तर देतो. यात मज्जारज्जूतल्या पेशींची उत्तेजनक्षमता वाढते हे खरे, पण खाटेजवळ उभे राहून पाहणाऱ्याला दिसते ते असे की माणूस आपल्या पायावरचा पहारा उठवतो तेव्हा पाय मोकळा होतो.

एका बाबतीत तर हा निरिच्छ साक्षीदार फार मोठ्या वादाच्या मध्यभागी उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या रुग्णालयांत असे असंख्य रुग्ण येत की ज्यांचे हातपाय लुळे पडलेले असत, पण शरीरात कसलीही इजा सापडत नसे. त्यांच्या आजाराला त्या काळी हिस्टेरिया म्हणत. खरोखर मज्जारज्जू बिघडलेला माणूस आणि मनाच्या आघाताने लुळा झालेला माणूस यांच्यात भेद कसा करायचा हा प्रश्न होता, आणि त्यात चूक झाली तर दोघांचेही नुकसान होते. तिथले नामांकित चेताविकारतज्ज्ञ शार्को यांचे शिष्य जोझेफ बाबिन्स्की यांनी २२ फेब्रुवारी १८९६ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेपुढे अवघ्या २८ ओळींचे एक टिपण वाचले. तळपायाच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून पुढे बोथट वस्तू ओढत नेली तर निरोगी प्रौढ माणसाची बोटे खाली वाकतात, आणि मेंदूकडून येणारा मार्ग बिघडलेला असेल तर अंगठा वर उचलला जातो, एवढेच त्यात होते. अंगठ्याच्या त्या संथ, विशिष्ट उचलण्याचे सोंग आणणे अवघड आहे आणि मनाच्या आघाताने ते घडत नाही. अठ्ठावीस ओळींत मावलेले इतके उपयोगी निरीक्षण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्यातली आणखी एक गोष्ट मनात रेंगाळते. सुमारे वर्षभराच्या आतल्या तान्ह्या बाळाच्या तळव्यावरून बोट फिरवले तर त्याचाही अंगठा वरच जातो, आणि तिथे ते पूर्ण निरोगीपणाचे लक्षण असते. मेंदूकडून उतरणाऱ्या चेतातंतूंवर चरबीयुक्त आवरण चढत जाते, मूल उभे राहते, पाऊल टाकू लागते, आणि ती जुनी हालचाल झाकली जाते. ती पुसली मात्र जात नाही. साठाव्या वर्षी पक्षाघात झाला की पहिल्या महिन्यातला अंगठा पुन्हा वर येतो. माणूस वाढतो म्हणजे तो जुने टाकून देतो असे आपण समजतो, पण शरीराने काहीच टाकलेले नसते.

हातोड्यांची कथाही आठवावी अशी आहे, जरी ती थोडक्यात सांगता येते. त्रिकोणी रबराच्या डोक्याची जी हातोडी वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी पांढऱ्या कोटाच्या खिशात बाळगतात, ती फिलाडेल्फियाचे जॉन मॅडिसन टेलर यांनी १८८८ मध्ये घडवली. लांब दांड्याच्या टोकाशी चाक असलेली दुसरी हातोडी लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातील मिस विंटल या परिचारिकेने तयार केली, पितळी चाकाभोवती रबरी कडे आणि बांबूचा दांडा अशी, आणि निवासी डॉक्टरांना ती विकत असे. जगभरच्या चेताविकारतज्ज्ञांच्या हातात आज जे साधन आहे त्यामागे एका परिचारिकेचे निरीक्षण आणि हातकौशल्य आहे, ही नोंद पाठ्यपुस्तकांत अधिक ठळकपणे यायला हवी.

झटक्याचा वेग आणि रेंगाळणे यांतूनही निदान निघते. थायरॉइड ग्रंथी मंदावलेल्या माणसाच्या टाचेवर ठोकले तर पाऊल खाली जाते खरे, पण परत येताना ते सावकाश, जणू अनिच्छेने येते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या लांब चेता आधी झिजतात, म्हणून घोट्याचा झटका गुडघ्याच्या आधी हरवतो, आणि तो हरवलेला असतो तेव्हा तळपायाला खडा टोचल्याचेही कित्येकदा कळत नसते. आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांत न विसरण्याजोगी गोष्ट म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ती पराकोटीला गेली तर पायांच्या चेता आणि मज्जारज्जू या दोन्हींवर एकाच वेळी घाव पडतो, आणि मग एक चमत्कारिक विसंगती दिसते: घोट्याचा झटका नाहीसा झालेला, पण तळव्यावर रेघ ओढताच अंगठा वर गेलेला. एक खूण सांगते की खालचे वर्तुळ तुटले, दुसरी सांगते की वरचा आवर सुटला. दोन्ही खऱ्या असतात, आणि वेळेवर इंजेक्शने सुरू झाली तर हा आजार बऱ्याच अंशी परतवता येतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांतून गीयां-बारे या आजाराचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले आणि पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतांवर उलटते, पायांना मुंग्या येतात, जमिनीवरून उठता येत नाही, आणि लुळेपणा वर चढत छातीपर्यंत पोहोचला तर श्वासासाठी यंत्राचा आधार लागतो. सुरुवातीला ही लक्षणे थकव्याची किंवा नुकत्याच झालेल्या जुलाबाच्या अशक्तपणाची वाटण्यासारखीच असतात. या आजाराचे ठळक लक्षण मात्र १९१६ मध्ये गीयां, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांना तपासताना लिहून ठेवलेले आहे: कंडरांचे झटके हरवलेले असतात. कधी अगदी पहिल्या दिवसांत ते अजून शिल्लक असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकून पाहावे लागते. त्या दिवसांत शहरातल्या दवाखान्यांत कोपऱ्यात पडलेल्या या साधनाचे महत्त्व नव्याने ध्यानात आले असेल, तर ती त्या कठीण काळातली एक चांगली गोष्ट म्हणायची.

गुडघ्याच्या झटक्याचे सर्वांत जिव्हाळ्याचे काम मात्र प्रसूतिगृहात चालते. गरोदरपणात रक्तदाब चढून आकडी येण्याचा धोका असेल तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. ३३ देशांतल्या १०,००० हून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीने हे औषध आकडीचा धोका निम्म्याहून कमी करते हे दाखवून दिले. पण रक्तातले त्याचे प्रमाण वाढत गेले तर तेच औषध स्नायूंना आणि शेवटी श्वासाला थांबवू शकते. निसर्गाने इथे एक मोठी सोय करून ठेवली आहे. श्वास मंदावण्याच्या आधी गुडघ्याचा झटका मावळतो. म्हणून दर चार तासांनी इंजेक्शनची पुढची मात्रा भरण्यापूर्वी परिचारिका तीन गोष्टी पाहते: श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते आहे का, आणि गुडघा उडतो का. गुडघा उडाला तरच मात्रा दिली जाते. रक्तातले मॅग्नेशियम मोजणारी प्रयोगशाळा ज्या ग्रामीण रुग्णालयाच्या जवळपास नाही, तिथे रात्री तीन वाजता ग्लानीत पडलेल्या त्या बाईचा गुडघाच तिच्या वतीने सांगत असतो की अजून वाट मोकळी आहे, पुढे जा; किंवा आता थांबा. तिला स्वतःला यातले काही ठाऊक नसते.

आयुष्याच्या दोन्ही टोकांना हीच परीक्षा उभी असते. जन्मल्यावर पहिल्याच मिनिटाला व्हर्जिनिया ॲपगर यांच्या गुणपत्रकानुसार बाळाला जे गुण मिळतात त्यांत उद्दीपनाला ते कसे उत्तर देते हा एक मुद्दा असतो. नवजात बाळाच्या डोक्याचा आधार अलगद सोडून ते किंचित खाली येऊ दिले की बाळ दोन्ही हात फैलावून पुन्हा कवेत घेतल्यासारखे जवळ आणते. या प्रतिक्रियेचे वर्णन एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये केले, आणि तेही एर्ब यांच्याच हायडेलबर्गमध्ये. ती दोन्ही हातांत सारखी यावी लागते आणि चार ते सहा महिन्यांत मावळावी लागते. आली नाही तरी चिंता, गेली नाही तरी चिंता. दुसऱ्या टोकाला भारताच्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदू मृत झाला की नाही हे ठरवताना डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते: प्रकाशाला बाहुली आकसते का, बुबुळाला कापसाचा स्पर्श होताच पापणी मिटते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशाला नळी लागल्यावर खोकला येतो का. हे सारे प्रतिसाद मेंदूच्या खोडातून येतात आणि तिथे ते सगळे नाहीसे झालेले असतात. मज्जारज्जू मात्र तेव्हाही जिवंत असू शकतो, म्हणून पायाची हालचाल किंवा गुडघ्याचा झटका शिल्लक राहू शकतो. खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकांना बोट हलल्यासारखे दिसते, आणि ती हालचाल आशेची नाही हे त्यांना समजावून सांगणे हे डॉक्टरांच्या वाट्याला येणारे सर्वांत जड काम असते. त्या वेळी घाई करू नये, आणि शरीराचे हे वेगळेवेगळे मजले त्यांना सोप्या शब्दांत उलगडून सांगावेत.

एमआरआय यंत्र मणक्यातली चकती किंवा मेंदूतली गाठ जितकी स्पष्ट दाखवते तितकी कोणतीही हातोडी दाखवू शकणार नाही. परंतु यंत्र कुठे रोखायचे हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. पाय अशक्त झाले म्हणून कमरेचे चित्र काढले जाते, कमरेत वयानुसार थोडीफार झीज सापडते, तिच्यावर उपचारही सुरू होतात, आणि दाब असतो मानेत. गुडघे उसळत होते, अंगठा वर जात होता, आणि कमरेखालच्या दाबाने असे कधी होत नाही, हे पाहायला दोन मिनिटे पुरली असती. गर्दीच्या दवाखान्यात ही दोन मिनिटे पहिल्यांदा कापली जातात. त्यामागे डॉक्टरांची बेफिकिरी असतेच असे नाही, दारात उभी असलेली रांग असते. पण वगळले गेलेले ठोके कुठल्याही अहवालात दिसत नाहीत, त्यामुळे ते वगळले गेले हेही कोणाला कळत नाही.

घरात मधुमेह असलेले, चालताना तोल जाऊ लागलेले किंवा हातापायांना मुंग्या येतात म्हणणारे कोणी असेल, तर त्यांना घेऊन जाताना वाचकांनी जुने अहवाल बरोबर न्यावेत, पायमोजे काढून घोटे आणि तळपाय तपासून घ्यावेत, आणि हातोडी बाहेर निघाली नाही तर ‘डॉक्टर, जर्क पाहता का?’ असे आदराने विचारावे. तो त्यांचा हक्क आहे, आणि बहुतेक डॉक्टरांना तो प्रश्न आवडेल.